गुळणी आणि बाळसं

स्वयंपाकघरातला चहाचा चमचा घ्या. दुधाने काठोकाठ भरा आणि ते दूध एखाद्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती दुपट्यावर ओता. क्षणभर ते वर तरंगल्यासारखं दिसतं, मग कापड ते पिऊन टाकतं आणि ओल चहूबाजूंनी सरकू लागते. ती थांबते तेव्हा डाग मोठ्या माणसाच्या तळहाताएवढा झालेला असतो. चमच्यात दूध होतं जेमतेम ५ मिलिलीटर.

हा उद्योग मी केला तेव्हा माझी मुलगी एकवीस दिवसांची होती. आदल्या रात्री साडेतीनला ती अर्धा तास अंगावर पिऊन सुटली, खांद्यावर घेतली आणि भळकन गुळणी टाकली. माझा गाऊन, दुपटं, खाली चादर, सगळं ओलं. शेजारी झोपलेली माझी आई उठून बसली. "अगं, सगळंच काढलं की गं हिने! पाज परत, उपाशी झोपेल." मी परत पाजलं. दहा मिनिटांत दुसरी गुळणी, पहिलीपेक्षा मोठी. मग आम्ही दोघी आपापल्या परीने रडवेल्या झालो आणि मुलगी मात्र ओठांच्या कडेला दुधाची रेघ घेऊन गाढ झोपली. तिच्या त्या झोपेचा अर्थ आम्हाला कळला असता, तर पुढचे दोन महिने बरेच सोपे गेले असते.

बाळ दूध टाकतं, गुळणी काढतं, फेकतं: घरोघरी शब्द वेगळे, गोष्ट एकच. प्यालेल्या दुधातलं थोडं दूध जोर न लावता तोंडावाटे परत येतं. उलटीत पोट आवळतं, मळमळतं, बाळ कासावीस होतं. गुळणीत यातलं काहीच नसतं. पाण्याने भरलेला तांब्या कलंडावा, तसं दूध बाहेर येतं आणि बाळ पुन्हा आपल्या खेळण्याझोपण्याला लागतं.

ते परत का येतं, यासाठी जुन्या बायकांच्या कमरेचा बटवा आठवावा. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं, आणि ते बटव्याच्या नाडीसारखं काम करतं: घास आत गेला की नाडी आवळली. ही नाडी मोठ्या माणसांतही अधूनमधून काही क्षण सैल पडते, एरवी ढेकर तरी कुठून आली असती? तान्ह्या बाळात ती वरचेवर सैल पडते, आणि नेमकी त्या वेळी परिस्थिती सगळी दुधाच्या बाजूची असते. बाळ दिवसाचे बहुतेक तास आडवं असतं. त्याची अन्ननलिका वीतभरही नसते. पोटात जे असतं ते सगळं पातळ. आणि ते किती असतं? पहिल्या दिवशी चिकाचे काही थेंब, एका वेळेला चमचा-दोन चमचे. पण आठवडा सरता सरता बाळ वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १५० मिलिलीटर दूध पिऊ लागतं. याच हिशेबाने ६० किलोच्या माणसाला रोज ९ लिटर प्यावं लागेल, म्हणजे न्हाणीघरातली जवळजवळ अर्धी बादली. तेवढं पिऊन वर आडवं पडायचं, आणि कुणीतरी येऊन आपले दोन्ही पाय पोटावर दुमडून लंगोट बदलायचा. एखादी गुळणी सुटली तर त्यात नवल कसलं?

आकडेही हेच सांगतात. अमेरिकेत शिकागोच्या परिसरात ९४८ बाळांच्या आईवडिलांना विचारून केलेली एक पाहणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांपर्यंतच्या बाळांपैकी निम्मी बाळं रोज किमान एकदा दूध टाकत होती. चौथ्या महिन्यात हे प्रमाण ६७ टक्क्यांवर गेलं आणि दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत अवघ्या ५ टक्क्यांवर उतरलं. या आकड्यांतली चौथ्या महिन्याची चढण आधी ठाऊक असलेली बरी. बाळंतपण आटोपून मुलगी सासरी आली आणि गुळण्या वाढल्या, की घरात लगेच पाणी बदललं, दृष्ट लागली, अशी कारणं निघतात. खरं कारण बाळाचं वय असतं.

गुळणी कधी ताज्या दुधासारखी पांढरी पातळ, तर कधी दह्याच्या कवडीसारखी फुटकी, आंबूस वासाची असते. "दूध नासून येतंय, तुझं दूध त्याला पचत नाही," हे वाक्य बाळंतिणीच्या खोलीत हमखास ऐकू येतं. वस्तुतः पाजल्या पाजल्या आलेल्या दुधावर जठराने अजून काही काम केलेलं नसतं, म्हणून ते जसंच्या तसं दिसतं. अर्ध्या-पाऊण तासाने येतं त्यावर जठरातल्या आम्लाने काम सुरू केलेलं असतं. दुधातलं केसीन हे प्रथिन त्याने साकळतं आणि कवड्या बनतात. कवडी ही पचन चालू असल्याची खूण आहे. वरच्या दुधापेक्षा आईचं दूध जठरातून लवकर पुढे सरकतं, त्यामुळे गुळणीला घाबरून अंगावरचं तोडून डब्याचं सुरू करणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं.

आता त्या डागाकडे परत येते. डाग हे माप म्हणून कुचकामी आहे. खरं माप आपल्या भाषेतच आहे, ते म्हणजे बाळसं. बाळ बाळसं धरतंय का? जन्मानंतर पहिल्या तीन-चार दिवसांत बहुतेक प्रत्येक बाळाचं वजन थोडं उतरतं, जन्मवजनाच्या ५ ते ७ टक्के, कधी १० टक्क्यांपर्यंतही. दहा ते चौदा दिवसांत ते जन्मवजनावर परत येतं. तिथून पुढे पहिले तीनेक महिने रोज साधारण २० ते ३० ग्रॅम भर पडते. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी झाली, तर पोटात पुरेसं दूध राहतंय हे नक्की. इथे कापडी लंगोट डायपरपेक्षा इमानी ठरतो: ओला झाला की लगेच कळतो. डायपरमध्ये तीन वेळची लघवी एकीत खपते.

घरी जाऊन बाळाचं वजन करण्याची सवय महाराष्ट्राच्या एका कोपऱ्याने देशाला लावली, असं म्हणायला हरकत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. त्या घरी जाऊन नवजात बाळ तपासत, झोळीच्या काट्याला टांगून वजन करत, धोक्याच्या खुणा ओळखत. या कामाचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताई त्याच धर्तीवर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी बाळंतिणीच्या घरी जातात. माता-बाल संरक्षण कार्डावरची वजनाची रेघ वर चढताना दिसली, की दुपट्याच्या ढिगाकडे खुशाल काणाडोळा करावा. रोज मात्र वजन करू नये. काट्यातला थोडा फरक आणि नुकतंच प्यालेलं दूध मिळून माणसाला वेड लावतात. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, पुरे.

मग काहीच करायचं नाही का? करायचं, पण आधी पाजणं नीट बघायचं.

काही आयांना पान्हा फार जोरात फुटतो. बाळ तोंड लावतं, मिनिटभरात गटगट आवाज येऊ लागतो, बाळ ठसकतं, स्तन सोडतं आणि दूध चिळकांडीसारखं त्याच्या नाकाडोळ्यांवर उडतं. असं बाळ दुधाबरोबर भरपूर हवा गिळतं, आणि हवा वर येताना दूध घेऊन येते. अशा वेळी आईने पाठीमागे दोन तक्के लावून चक्क रेलून बसावं आणि बाळाला आपल्या पोटाछातीवर पालथं घेऊन पाजावं. दुधाला चढ चढावा लागला की धार आपोआप मंदावते. पान्ह्याची पहिली लाट आली की बाळाला क्षणभर बाजूला करून ती धार पंचावर झेलावी, मग परत लावावं. दूध फारच असेल तर एका वेळेला एकच बाजू पुरी होऊ द्यावी. दर पाच मिनिटांनी बाजू बदलली तर बाळाच्या पोटात दोन्हींकडचं सुरुवातीचं पातळ दूधच जास्त जातं. आणि बाळ भुकेने कळवळून रडेपर्यंत थांबू नये. मुठी चोखू लागलं, तोंड इकडेतिकडे वळवू लागलं, की घ्यावं. रडून आलेलं बाळ अधाशासारखं पितं आणि तितकंच परत देतं.

बाळाने सोडलं की सोडलं. "अजून दोन घोट" हा आग्रह जावयाच्या पंक्तीत शोभतो. गुळणी झाल्यावर लगेच भरपाई करायला जाणं हेही त्यातलंच. त्या साडेतीनच्या रात्री आम्ही भरलेला बटवा पुन्हा भरत होतो. बाळाला भूक असेल तर ते स्वतः मागेल.

आता ढेकर. ढेकर काढल्याशिवाय बाळाला खाली ठेवायचं नाही, हा आपल्याकडचा अलिखित कायदा आहे. चंदीगडच्या पीजीआय या संस्थेतल्या संशोधकांनी तो तपासून पाहिला. ७१ माय-लेकरांच्या जोड्या घेतल्या, निम्म्या आयांना पाजल्यावर ढेकर काढायला शिकवलं, उरलेल्यांना तसं काही सांगितलं नाही, आणि तीन महिने लक्ष ठेवलं. २०१५ साली आलेला निष्कर्ष असा, की ढेकर काढल्याने पोटदुखीचं रडणं लक्षणीय कमी झालं नाही, आणि गुळण्या मात्र वाढल्या. अभ्यास लहान आहे, त्यावरून कुणी ढेकरेवर बंदी घालू नये. पण अर्धा तास पाठ बडवूनही ढेकर आली नाही म्हणून झोपलेल्या बाळाला हलवून जागं करणाऱ्या आज्यांना तो जरूर वाचून दाखवावा. पाच-दहा मिनिटं खांद्यावर उभं धरावं, पाठीवरून हात फिरवावा, आली तर आली.

उभं धरताना बाळाच्या पोटावर आपला खांदा रुतत नाही ना, हे बघावं. लंगोटाची गाठ किंवा डायपरची पट्टी पोटावर करकचून नको. न्हाऊ घालणाऱ्या मावशींची वेळ आणि पाजण्याची वेळ यांत तासभर तरी अंतर हवं. मावशी पायांवर पालथं घेऊन रगडतात, दोन्ही पाय पोटाशी दाबतात, काही जणी तर पाय धरून उलटं टांगतात (हे भरल्या पोटी काय, रिकाम्या पोटीही करू देऊ नये). आमच्याकडे मावशी आठला येत, म्हणून आठच्या आधी पाजून "शांत करून ठेवलेलं" बाळ त्यांच्या हाती जाई. रोज सव्वाआठला गुळणी, अगदी घड्याळ लावून घ्यावं अशी. अंघोळ आधी आणि पाजणं नंतर, एवढा बदल केला आणि ती बंद झाली.

मोटारीतल्या बाळाच्या खुर्चीत किंवा आरामखुर्चीसारख्या टोपलीत बसवलं की दूध खाली राहील, असं वाटतं खरं. १९८३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या एका अभ्यासात उलटंच दिसलं: खुर्चीत बाळ कमरेत मुडपतं, पोट दाबलं जातं आणि दूध अधिक वर येतं. प्रवासाला ती खुर्ची हवीच, गुळणीवरचा इलाज म्हणून नको.

सगळ्यात जास्त भीती झोपेची असते, आणि सगळ्यात जास्त चूकही तिथेच होते. उताणं झोपवलं तर दूध श्वासात जाईल, म्हणून कुशीवर, पालथं, नाहीतर उशीचा उतार करून झोपवायचं असं अनेक घरांत चालतं. शरीराची रचना मात्र वेगळं सांगते. बाळ उताणं असतं तेव्हा श्वासनलिका वरच्या बाजूला आणि अन्ननलिका तिच्याखाली असते. वर आलेलं दूध खालच्या खोलगटात साठतं. श्वासनलिकेत जायला त्याला चढ चढावा लागतो, आणि तेवढ्यात बाळ ते गिळून टाकतं किंवा तोंडाच्या कडेने सोडतं. पालथं केलं की हेच उलटं होतं, श्वासनलिका खाली जाते. ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९२पासून बाळांना उताणं झोपवा असं सांगणं सुरू झालं, तेव्हा डॉक्टरांनाही ठसक्याची धास्ती होतीच. ठसक्याने होणारे मृत्यू वाढले नाहीत. झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण मात्र अमेरिकेत सुमारे निम्म्यावर आलं. दूध टाकणाऱ्या बाळालाही हाच नियम: उताणं, सपाट आणि घट्ट गादीवर. मोहरीची उशी, लोड, डोक्याखाली दुमडलेली गोधडी यातलं काही नको. १० अंशांपेक्षा जास्त उताराची झोपवण्याची साधनं विकायला अमेरिकेने २०२२ साली कायद्यानेच मनाई केली, कारण उतारावर बाळाची मान पुढे पडून श्वास कोंडतो. उभं धरायचं ते जागेपणी, आपल्या खांद्यावर.

औषधांबद्दल थोडक्यात. आम्हाला एका दवाखान्यात तीन प्रकारचे थेंब लिहून दिले होते. वजन विचारलंच नाही, केलं तर नाहीच. बाळ नुसत्या गुळण्या टाकतंय आणि बाकी ठणठणीत आहे, तर आम्ल कमी करणारी औषधं देऊ नयेत, असं ब्रिटनच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. ती आम्ल कमी करतात, दूध वर यायचं थांबवत नाहीत. ग्राइप वॉटर ही नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डची १८५१ सालची देणगी. मूळ मिश्रणात चक्क मद्यार्क होता, बाळं शांत होत यात आश्चर्य नाही. आज तो नसतो, पण गुळणीवर त्याचा उपयोगही नसतो. वेखंड-मुरडशेंगेचे वेढे देऊन उगाळलेली गुटी, मधाचं बोट, साखरपाणी हेही सहा महिने लांबच, मध तर वर्षभर. सहाणेवरचं पाणी आणि बोटं किती स्वच्छ, हा एक प्रश्न. मधात बोट्युलिझमचे जंतुबीज असू शकतात आणि वर्षाच्या आतल्या बाळाला ते घातक ठरतात, हा दुसरा. गुटीचं चाटण म्हणजे आईची माया, हे मला कळतं. माझ्या आईला गुटीऐवजी दुपारचं खांद्यावर धरण्याचं काम दिलं आणि ती खूश झाली.

आईच्या पथ्याचंही तेच. आंबट नको, गार नको, डाळ नको करत बाळंतिणीला तूपभात-मेतकुटावर आणून ठेवलं, तरी गुळण्या थांबत नाहीत. अंगावर पिणाऱ्या फार थोड्या बाळांना, शंभरात एखाद्यालाही क्वचित, आईने घेतलेल्या गाईम्हशीच्या दुधातलं प्रथिन बाधतं. तिथे गुळणीच्या जोडीला शीमध्ये रक्ताच्या रेषा, अंगावर खाजरा इसब, वजन अडणं असं काही दिसतं. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने आईने दोन ते चार आठवडे दूध-दही-पनीर सोडून बघायचं. नुसत्या डागावरून सोडायचं नाही.

दुपटं बघायचं ते रंगासाठी. पांढरं, दह्यासारखं, फिकट पिवळसर, सगळं ठीक. गुलाबी झाक किंवा तपकिरी कण दिसले तर आधी आईने स्वतःचं स्तनाग्र बघावं. चिरा पडल्या असतील तर ते रक्त बहुधा तिचंच, बाळाने दुधाबरोबर गिळलेलं. रक्त कुणाचं हे ओळखायची एक सोपी परीक्षा लिओनार्ड ॲप्ट यांनी १९५५ साली दिली: अल्कली घातलं की आईचं रक्त तपकिरी होतं, नवजात बाळाचं गुलाबी राहतं. ती डॉक्टरांनी करायची. आपण दाखवायला मात्र जायचं.

हिरवा रंग दिसला तर सकाळची वाट बघायची नाही. पालकाच्या रसासारखी हिरवी उलटी म्हणजे पित्त, आणि पित्त तोंडावाटे येतंय म्हणजे पुढे आतड्यात वाट अडली असावी. आतड्याला पीळ पडला असेल तर रक्तपुरवठा तुटतो आणि हाती काही तासच असतात. रात्री दोन वाजले असले तरी मुलांची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात जायचं, आणि ते दुपटं पिशवीत घालून बरोबर न्यायचं. वर्णनापेक्षा दुपटं अचूक बोलतं.

दुसरी गोष्ट कारंज्याची. साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात एखादं बाळ दर वेळी पाजलं की हातभर लांब दूध फेकू लागतं, आणि फेकलं की लगेच भुकेने तोंड उघडतं. मुलग्यांत हे मुलींच्या चौपट-पाचपट आढळतं. जठराच्या खालच्या दारावरचा स्नायू जाड होऊन दूध पुढे सरकतच नाही. डेन्मार्कच्या हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८८ साली याचं नेमकं वर्णन केलं, तेव्हा बहुतेक बाळं दगावत. १९१२ साली जर्मन सर्जन कॉनराड रामस्टेट यांनी तो जाड स्नायू फक्त उभा चिरून आतलं अस्तर शाबूत ठेवायची युक्ती प्रसिद्ध केली. शंभर वर्षांनंतरही शस्त्रक्रिया मुळात तीच आहे आणि बाळ थोड्याच दिवसांत घरी पिऊ लागतं.

याशिवाय ताप, फुगून टणक झालेलं पोट, मलूल पडणं, स्तन तोंडात घ्यायला नकार, पिताना निळसर होणं, लघवी कमी होणं, वजन न वाढणं, सहा महिन्यांनंतर नव्यानेच सुरू झालेल्या उलट्या, यातलं काहीही असेल तर ती गुळणी समजू नये.

बाकीच्यांसाठी हा सारा मामला दवाखान्यापेक्षा धुण्याच्या दगडाशी जास्त आहे. सहाव्या महिन्यानंतर बाळ बसू लागतं, पेज-मऊभात सुरू होतो, नाडी वरचेवर सैल पडत नाही आणि गुळण्या विरळ होत जातात. तोवर वीस-पंचवीस दुपटी हवीत, जुन्या सुती साडीची सगळ्यात उत्तम. ती आधी गार पाण्यात खळबळून घ्यावीत. एकदम कढत पाण्यात टाकली तर दुधातलं प्रथिन कापडात बसतं आणि आंबूस वास जाता जात नाही. मग साबण, मग कडक ऊन. पावसाळ्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी इस्त्रीवर भागवावं लागतं, आणि वास थोडा राहतोच.